तुम्ही विचारलंत म्हणून: पिल्लू कुठनं आणलं?

आमच्या कुत्रीला, सखूला घेऊन सकाळी सांगलीच्या विश्रामबाग भागात फिरायला निघाले की दोन-चार दिवसांआड कुणीतरी थांबवतंच. "वहिनी, पिल्लू कुठनं आणलं ओ? आम्हाला पण एक बघून द्या की. कुणाचा नंबर असला तर द्या." सखू आता पिल्लू राहिलेली नाही, चांगली घोडी झालीय, तरी प्रश्न तोच. मी "नंबर नाही" म्हणते आणि पुढं जाते. मागून 'फार शिष्ट बाई' असं बोललं जातं, तेही ऐकू येतं.

नंबर आहे. अजून फोनमध्ये आहे. तो मी एकदा एकाला दिला होता, म्हणून आता देत नाही.

सखूच्या आधी आमच्याकडं तिळ्या होता. काळा लॅब्रेडॉर. 2019 च्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आणला, म्हणून तिळ्या. सासूबाई म्हणाल्या होत्या, करिदिनाला घरात नवं काही आणू नये. आजही त्या सगळं खापर करिदिनावर फोडतात आणि मी त्यांना फोडू देते, कारण नाहीतर ते माझ्यावर येतं.

विकणारा हायवेच्या कडेला गाडी घेऊन आला. मागच्या सीटवर खोका, खोक्यात चार पिल्लं. "45 दिवसांची आहेत, पहिली लस झालीय." पुस्तिकेत लसीचं स्टिकर चिकटवलेलं होतं. मी विचारलं, "यांची आई कुठाय?" तो म्हणाला, "फार्मवर." एवढ्यावर माझं समाधान झालं. मंडईत वांगं घेताना देठ हिरवं आहे का, कुठं भोक आहे का, हे उलटंपालटं करून बघणारी मी, सात हजार रुपये मोजले आणि पावतीसुद्धा मागितली नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात फोटो दाखवत फिरले. एका सहकाऱ्यानं नंबर मागितला, मी मोठ्या तोऱ्यात दिला. त्यानं संध्याकाळी त्याच खोक्यातलं दुसरं पिल्लू उचललं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी तिळ्याचा ओठ वर करून दात बघितले. "कोण म्हणालं 45 दिवस? हे फार तर महिन्याचं असेल." पुस्तिकेत स्टिकर होतं, पण डॉक्टरचा शिक्का नाही, सही नाही. आणि इतक्या लहान वयात लस टोचली तरी आईकडून आलेलं संरक्षण तिला बहुतेक वेळा लागू पडू देत नाही, म्हणून तर सहा-आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत ती पुन्हा पुन्हा द्यावी लागते, हे त्यांनी नीट समजावलं. मी मान हलवत होते. तोवर तिळ्या माझ्या पदरात तोंड खुपसून झोपला होता. त्या क्षणी काय करायला हवं होतं? परत द्यायला हवा होता? ज्या खोक्यातून आला त्याच खोक्यात? मला याचं उत्तर आजही देता येत नाही.

पाचव्या दिवशी, रविवारी, माझं हळदीकुंकू होतं. वाण म्हणून स्टीलच्या चाळण्या आणल्या होत्या. दुपारी चारला तिळ्या ओकला. पिवळा फेस. मी म्हटलं, तिळाची वडी खाल्ली असेल. फरशी पुसली, त्याला बाथरूममध्ये गोणपाटावर ठेवलं आणि दार ओढून घेतलं. पाचपासून बायका यायला लागल्या. मधे एकदा दार उघडून बघितलं तर तो उठला नाही, नुसती शेपटी दोनदा फरशीवर आपटली. मी दार परत लावलं. अत्तर लावलं, गुलाबपाणी शिंपडलं, नावं घेतली. नऊला शेवटची बाई गेली, तेव्हा आत रक्त होतं.

त्या वासाबद्दल लिहायचं नव्हतं. पण ज्यांच्या घरी पार्व्हो, म्हणजे पिल्लांना उलट्या आणि रक्ताची हगवण लावणारा विषाणू, येऊन गेलाय त्यांना कळेल. फिनेलनं तो जात नाही.

सकाळी दवाखाना उघडायच्या आधी आम्ही दारात. तपासणीच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या, म्हणजे पार्व्होच. या विषाणूवर थेट मारा करणारं रोजच्या दवाखान्यात काही नसतं. सलाईन, उलटी थांबवायचं इंजेक्शन, अँटिबायोटिक, आणि वाट बघायची. दवाखाना रात्री बंद, म्हणून त्याला घरी आणायचो. यांनी पडद्याच्या दांडीला सलाईनची बाटली टांगली. माझ्या करंगळीएवढा त्याचा पाय, त्यावर सुईला गुंडाळलेली गुलाबी पट्टी, आणि मी रात्रभर थेंब मोजत बसलेली. पाचव्या पहाटे थेंब पडत राहिले आणि तो गेला. दिराच्या मळ्यात पेरूखाली पुरला.

डॉक्टर म्हणाले, लागण होऊन लक्षणं दिसायला तीन ते सात दिवस जातात, तेव्हा हे तो बहुधा घेऊनच आला होता. मी ते वाक्य घट्ट धरून ठेवलंय. पण त्याच डॉक्टरांनी, मी विचारल्यावर, हेही सांगितलं की पार्व्होत आदल्या संध्याकाळी आणलं काय आणि सकाळी आणलं काय, फरक पडू शकतो. तेही धरून ठेवलंय.

आता जे कुणाला सांगितलेलं नाही ते. मी विकणाऱ्याला फोन केला, चांगला झापायला. तो शांतपणे म्हणाला, "ताई, टेन्शन घेऊ नका, बदलून देतो." कुकरची शिट्टी बदलून द्यावी तसं. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "काळंच आहे का?" फोन ठेवल्यावर दोन दिवस माझं 'आणूया का' चाललं होतं. शेवटी यांनीच नको म्हटलं. म्हणून मला कुणी प्राणिप्रेमी म्हटलं की अंगावर काटा येतो.

आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी हवी, असे केंद्राचे नियम 2017 पासून आहेत. मी ते पिल्लू गेल्यावर वाचले. तक्रार करायला हातात पावती नव्हती.

ऑगस्टमध्ये महापूर आला. आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, अर्धी सांगली पाण्यात. विश्रामबाग उंचावर, म्हणून कुठकुठली कुत्री इकडं चढून आली. त्यातली एक चहाच्या गाड्यामागं व्याली. चार पिल्लं. मुलगा म्हणाला, आत्ताच एक उचलूया. मी नाही म्हटलं. यावेळी आठ आठवडे पूर्ण झाल्याशिवाय हात लावणार नाही. रोज दूध-भाकरी (आईला, पिल्लांना नव्हे) घेऊन जायची आणि बघत बसायची. एकानं दुसऱ्याचा कान जोरात चावला की तो कळवळायचा आणि खेळ थांबायचा. मग पुन्हा सुरू, जरा हळू चावून. तिळ्या हात रक्तबंबाळ करायचा त्याचं कारण तिथं गाड्यामागं समजलं. त्याला कळवळणारं कुणी मिळालंच नव्हतं.

सहाव्या आठवड्यात त्या चारांतलं एक रिक्षाखाली गेलं. मुलानं आठ दिवस माझ्याशी धड बोलणं टाकलं. नियम पाळला म्हणून मी बरोबर होते का? गाड्यावाला म्हणाला, "असू द्या ताई, रस्ताच आहे." बाकी दोन ओळखीत गेली, आईचं ऑपरेशन करून घेतलं, आणि दसऱ्यानंतर सखू घरी आली.

"गावठी आहे, तिला काय होतंय" हे म्हणणाऱ्यांनी कृपा करून माझ्यासमोर म्हणू नये. पार्व्हो जात विचारत नाही. हा विषाणू महिनोन् महिने टिकतो, म्हणून तिळ्याची भांडी, अंथरूण टाकून दिलं होतं, तरी सखू यायच्या आधी सगळी फरशी ब्लीचच्या पाण्यानं धुतली. लसीचे डोस पुरे होईपर्यंत जमिनीवर फिरवायचं नाही आणि याच वयात जग दाखवलं नाही तर जन्मभर भित्री होणार, अशी कात्री. मग तिला भाजीच्या पिशवीत घालून एसटी स्टँडवर न्यायची. बस, बँड, हेल्मेट, छत्री, सगळं पिशवीतून. दिवाळीत तरी ती पलंगाखालीच होती, ते सोडा.

त्या सहकाऱ्याचं पिल्लू जगलं, हे सांगायचं राहिलं. तिळ्याचा सख्खा भाऊ. ब्रुनो. धष्टपुष्ट आहे. सहकारी सगळ्यांना सांगतो, "आमच्या मॅडमनीच नंबर दिला होता, एक नंबर पिल्लू निघालं." मी काय बोलणार?

मागच्या महिन्यात तो टेबलापाशी आला. बहिणीला लॅब हवाय, त्याच माणसाकडून घेऊ ना? मी म्हटलं, आधी किती दिवसांचं आहे ते विचार. त्यानं माझ्यासमोरच फोन लावला, स्पीकरवर.

"45," तिकडून आवाज आला.