यादीत कोण नाही

डेट्रॉइटच्या उपनगरांत उन्हाळा लागला की शनिवारी दुपारी घरोघरी गराज सेल मांडलेले असतात. कुणाचे स्की, कुणाची न झेपलेली व्यायामाची सायकल, कुणाच्या सासूबाईंचे कपबशांचे सेट. मी कुंड्या बघायला गेले होते. कुंड्यांच्या शेजारी बुटांचं एक खोकं होतं आणि त्यात बेसबॉलची जुनी कार्डं. सगळ्यात वर 1978 सालचं टॉप्स कंपनीचं कार्ड, एकावर चार चेहरे, त्या वर्षीचे नवे सेकंड बेसमन, म्हणजे दुसऱ्या बेसजवळ उभे राहणारे क्षेत्ररक्षक. चारांतला एक डेट्रॉइट टायगर्सचा लू व्हिटेकर.

"शॉर्टस्टॉपचं कार्ड सकाळीच गेलं," खुर्चीत बसलेले आजोबा म्हणाले. "हे राहिलंय."

जाणारच. शॉर्टस्टॉप म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक. त्याच वर्षीच्या त्यांच्या कार्डावर ॲलन ट्रॅमेल आणि पॉल मॉलिटर, दोघेही आता कूपरस्टाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या यादीत. आणि लू राहिलाय. कुंड्या तिथेच राहिल्या आणि आम्ही दोघं भर उन्हात लूची बाजू मांडत बसलो. एकमेकांनाच, म्हणजे आधीच पटलेल्या माणसाला. या प्रकारातलं सुख ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको.

ही खोड मला आमच्या काकांकडून लागली. कुठलीही यादी हातात आली की आधी कोण नाही ते बघायचं. पुरस्कारांची असो, दिवाळी अंकाची अनुक्रमणिका असो, कुणाच्या लग्नपत्रिकेतली 'आपले नम्र' असोत. दादरच्या घरात रेडिओवर भारताचा संघ जाहीर व्हायचा तेव्हा काका कॅलेंडरच्या पाठीवर एकेक नाव लिहून घ्यायचे. बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन. बातम्या संपल्या की रेडिओ बंद, आणि मग खाली एक रेघ ओढून लाल पेन्सिलीने एक जास्तीचं नाव: शिवलकर. "तुम्हाला निवड समितीवर घेतलंय का?" काकू आतून विचारायची. काका उत्तर द्यायचे नाहीत. "आठ सोळा, पाच अठरा," एवढंच म्हणायचे. 1972-73 ची रणजी फायनल, चेपॉक, तमिळनाडूविरुद्ध पहिल्या डावात 16 धावांत 8 बळी, दुसऱ्यात 18 धावांत 5. तिसऱ्या दिवशीच्या पहिल्याच चेंडूवर सामना खलास. आम्हा पोरांना अर्थ कळायच्या आधी हे आकडे पाठ झाले होते. पद्माकर शिवलकरांनी प्रथम श्रेणीत 589 बळी घेतले आणि एकही कसोटी खेळली नाही.

पण काकांचं एक बरं होतं. त्यांच्या दुःखाला कारण होतं, आणि ते कारण पटका बांधून डावखुरी फिरकी टाकत होतं. बेदीबद्दल ते कधी वाकडं बोलले नाहीत. उलट बेदीची गोलंदाजी चालू असली की रेडिओला कान लावून बसायचे. एका जागेला दोघे आले, एकाला मिळाली. वाईट वाटतं, पण हिशेब लागतो.

लूचा हिशेब लागत नाही.

लू आणि ट्रॅमेल 9 सप्टेंबर 1977 ला बोस्टनच्या फेनवे पार्कवर एकाच सामन्यात पहिल्यांदा उतरले. सेकंड बेसला हा, शॉर्टला तो. पुढे दोघे मिळून 1,918 सामने खेळले. दोघांनी सगळी कारकीर्द डेट्रॉइट टायगर्ससाठीच काढली. 1984 ला वर्ल्ड सिरीज जिंकली तेव्हाही तीच जोडी. ट्रॅमेलचे हिट 2,365, लूचे 2,369. होम रन लूचे जास्त, 244. बेसबॉलवाले हल्ली खेळाडूची सगळी लायकी 'वॉर' नावाच्या एका आकड्यात मोजतात. त्यात लू 75, ट्रॅमेल 70. कूपरस्टाउनमधले त्याच्यासारखेच सेकंड बेसमन घ्या: सँडबर्ग 68, अलोमार 67, बिजिओ 65. मला तो आकडा फारसा आवडत नाही, सगळं भांडण एका क्षणात मिटवून टाकतो. माझा पुरावा वेगळा आहे. लूने 1,197 वेळा चार खराब चेंडू सोडून फुकटचा बेस मिळवला आणि बाद झाला स्ट्राइकआउट होऊन 1,099 वेळा. एकोणीस हंगाम ज्याची नजर अशी टिकली त्याला अजून काय सिद्ध करायचंय?

तर 2001 साली हे नाव मतदानाला आलं. बेसबॉलवर वर्षानुवर्षं लिहिणारे पत्रकार मतं देतात. एकेकाला दहा नावं लिहायची मुभा. 75 टक्के मिळाली की आत, आणि पाचाच्या खाली गेलात तर पुढच्या वर्षीपासून नावच कटाप. 515 जणांनी मतं दिली. लूला 15.

पंधरा! मी हा आकडा किती वेळा वाचला असेल, तरी दर वेळी छपाईची चूक वाटते. त्याला कुणी नाकारलं असंही नाही. नाकारायला निदान चर्चा लागते. लग्नघरात होतं ना, गावच्या मामांना पत्रिका थोरल्याने दिली असेल असं धाकट्याला वाटतं, धाकट्याने दिली असेल असं थोरल्याला, आणि लग्नाच्या दिवशी लक्षात येतं की मामा आलेच नाहीत. तसंच झालं असणार. यंदा नाही तर पुढच्या वर्षी देऊ, म्हणत पाचशे लोक घरी गेले, आणि पुढचं वर्ष उरलंच नव्हतं. बरोबर पाचशे, वजाबाकी करून बघा. त्या पंधरांतलं कुणी भेटलं तर मी घरी जेवायला बोलवीन. पाचशेंबद्दल आत्ता बोलत नाही.

लूही या बाबतीत फारसा मदत करणारा गडी नव्हता. पत्रकारांशी गोडीगुलाबी नाही. खेळाडूंच्या संपाच्या काळात त्यांच्या बैठकीला हा लांबलचक लिमोझिनमधून उतरला. आणि 1985 चा तो किस्सा! ऑल-स्टार सामना मिनियापोलिसला, आणि याचा गणवेश मिशिगनला गाडीत राहिलेला. मग स्टेडियममधल्या दुकानातून टायगर्सचा चाहत्यांसाठीचा शर्ट आणला, पाठीवर मार्करने 1 काढला आणि देशातल्या निवडक खेळाडूंच्या रांगेत जाऊन उभा राहिला. तो शर्ट आता वॉशिंग्टनला स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. माणसाला कूपरस्टाउनचं दार उघडलं नाही, त्याच्या शर्टाला राष्ट्रीय संग्रहालयाचं उघडलं. आजोबांना हा किस्सा अर्थातच माहीत होता. तरी त्यांनी मला तो पूर्ण सांगू दिला, आणि मग त्यांच्या पद्धतीने पुन्हा सांगितला. मिशिगन ॲव्हेन्यू आणि ट्रंबुलच्या कोपऱ्यावरच्या जुन्या टायगर स्टेडियममध्ये लू फलंदाजीला आला की अख्खं स्टेडियम "लूऽऽऽ" करायचं. नवख्याला वाटावं, हुर्यो चाललीय. तेही त्यांनी करून दाखवलं. पलीकडच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला.

2018 ला ट्रॅमेल आत गेला. व्यासपीठावरून त्याने समोर बसलेल्या लूला उद्देशून म्हटलं की एक दिवस तूही इथे असावास. डिसेंबर 2019 ला निवृत्त खेळाडूंचा फेरविचार करणाऱ्या समितीपुढे लूचं नाव आलं. सोळा जणांत बारा मतं हवी होती, मिळाली सहा. टक्केवारीने बघितलं तर प्रगतीच. 2022 ला टायगर्सनी त्याचा 1 नंबर कायमचा निवृत्त केला. त्याच वर्षी समितीपुढे आठ नावांची नवी यादी आली, तीत लू नव्हता.

"देतील हो कधीतरी," आजोबा म्हणाले. कार्डाचे पैसे घ्यायला तयार नव्हते, मी बळेच दिले.

कधीतरी हा शब्द मला हल्ली सहन होत नाही. शिकागोचा रॉन सँटो डिसेंबर 2010 ला गेला आणि डिसेंबर 2011 ला निवडून आला. फिलाडेल्फियाचा डिक ॲलन 2014 ला एका मताने हुकला. पुढची बैठक 2020 च्या डिसेंबरात होती, ती कोविडमुळे पुढे ढकलली, आणि त्याच डिसेंबरात ॲलन वारला. 2021 ला पुन्हा एका मताने हुकला. 2024 ला निवडला. लू व्हिटेकरचा जन्म 1957 चा आहे. समितीने आकडे बघू नयेत हवं तर, जन्मसालाचा रकाना तरी बघावा.