गोळी कशाची होती?

स्क्रीनवर आधी गाडीचं छत दिसलं, मग स्टिअरिंग, मग दोघांचे घामेजलेले चेहरे. सोलापूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावचं जोडपं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) घरात सासू-सासरे, दीर, मुलं, दार लावून बोलावं अशी जागा नाही. म्हणून जेवणं उरकल्यावर "चक्कर मारून येतो" सांगून निघायचं, रस्त्याकडेला गाडी लावायची आणि काचा वर करून माझ्याशी बोलायचं. ऑनलाइन समुपदेशन सुरू केल्यापासून अशा गाड्या, गच्च्या, दुकानांच्या मागच्या खोल्या मी खूप पाहिल्या. हे दोघं पुण्याला माझ्याकडे कधीच आले नसते.

इच्छा बायकोला कमी, नवऱ्याला जास्त, असंच लोक धरून चालतात. इथं उलट होतं. तिला शरीरसंबंध हवे होते, तो टाळत होता. तिची लाज माझ्या मनाला फार लागली. "मॅडम, मैत्रिणी नवऱ्याला कसं टाळायचं ते सांगतात. मी कुणाला काय सांगू?" आणि मग, खिडकीबाहेर बघत, "जाड झाले म्हणून असेल."

तो स्टिअरिंगचं कव्हर नखानं कुरतडत होता. "तिचं काही नाही," एवढंच म्हणाला.

मी नेहमीप्रमाणे विचारलं, कुठल्या गोळ्या चालू आहेत? तो गप्प. मग एका दमात म्हणाला, "एस्सिटालोप्राम. दीड वर्ष झालं."

ती वळली. "तू तर ॲसिडिटीची म्हणाला होतास."

छातीत धडधड, ईसीजी नॉर्मल, मग मानसोपचारतज्ज्ञ, पॅनिकचं, म्हणजे अचानक येणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्यांचं निदान. घरी कळलं तर वेडा म्हणतील, म्हणून ॲसिडिटी. मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणाऱ्या या गोळ्यांनी अनेकांची कामेच्छा मंदावते, वीर्यपतनाला उशीर होतो. हे नवीन नाही, पण डॉक्टर विचारत नाहीत आणि पेशंट सांगत नाही. मला याची मनापासून चीड येते. एका प्रश्नाचं काम असतं.

"म्हणजे माझ्यामुळं नाही?" तिनं विचारलं.

तिच्या दिसण्याचा संबंध नाही, हे मी ठामपणे सांगितलं. सगळा दोष गोळीवर मात्र टाकला नाही. कारण पुढं तो जे बोलला ते जास्त महत्त्वाचं होतं: "हात धरला की पुढं न्यावं लागणार. म्हणून हातच धरत नाही." त्यानं मिठी सोडली, शेजारी बसणं सोडलं, आणि ती त्यातून नकार वाचत राहिली.

गोळी मनानं बंद करायची नाही, हे दोनदा बजावलं. एकदम थांबवली की चक्कर, बेचैनी, पॅनिक परत. त्याच्या डॉक्टरांना पत्र दिलं. दरम्यान मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकी लैंगिकता-संशोधकांनी 1970 मध्ये मांडलेला स्पर्शाचा सराव सुचवला: आळीपाळीनं नुसता स्पर्श, संभोगाला काही आठवडे पूर्ण बंदी. बंदी ऐकून त्याचे ताणलेले खांदे सैल झालेले मला मोबाइलवरही दिसले.

डॉक्टरांनी थायरॉइड, टेस्टोस्टेरॉन तपासून औषध हळूहळू बदललं. इच्छा थोडी परतली आहे. तिला अजूनही त्याच्यापेक्षा जास्तच हवं असतं. पण आता तो "आज नको, पण जवळ बस" म्हणतो. ॲसिडिटीच्या थापेचा तिचा राग मात्र गेलेला नाही. पुढचं सेशन त्यावरच आहे.