बॅप केनेडी ऐकत बेलफास्ट: जी-१ बस आणि एक लोकल

बेलफास्टमध्ये इथल्याच बॅप केनेडी या गायक-गीतकाराच्या मागावर फिरायचं तर जी-१ ही जांभळी ग्लायडर बस जवळपास पुरते. पश्चिमेचा फॉल्स रोड, मधलं शहर आणि पूर्व बेलफास्ट असा तिचा मार्ग. तिकीट थांब्यावरच्या यंत्रातून आधीच काढायचं, ड्रायव्हर पैसे घेत नाही. दोन-तीनदा उतरायचं असल्याने दिवसाचा पासच घ्यावा.

सुरुवात फॉल्स रोडपासून केली, कारण केनेडी मंडळी तिकडची. बॅपचा जन्म १९६२चा. नाव झालं ते मात्र लंडनमध्ये, एनर्जी ऑर्चर्ड या रॉक बँडमुळे. त्यांचा पहिला अल्बम १९९०चा. भित्तिचित्रं बघत चालताना मी त्यातलं 'बेलफास्ट' लावलं होतं. यात कंट्री, म्हणजे अमेरिकन ग्रामीण संगीताचा बाज, शोधू नका, सापडणार नाही.

कंट्रीचं वळण १९९८चं. 'डोमेस्टिक ब्लूज' हा अल्बम कंट्रीचं माहेरघर असलेल्या अमेरिकेतल्या नॅशव्हिलला रेकॉर्ड झाला, निर्मितीत अमेरिकन गायक-गीतकार स्टीव्ह अर्ल. पाठोपाठ कंट्रीचा जुना दिग्गज हँक विल्यम्सच्या गाण्यांचा 'हिलबिली शेक्सपिअर'. नवख्याने 'डोमेस्टिक ब्लूज'पासूनच ऐकायला घ्यावं. आवाज कुठेही ताणलेला नाही, उच्चार बेलफास्टचेच. अमेरिकन हेल काढण्याचा मोह त्याने टाळला, म्हणून तो टिकतो. नॅशव्हिल आणि बेलफास्ट ही जोडशहरं आहेत. फेब्रुवारीत दोन्हीकडच्या गीतकारांचा महोत्सव भरतो. तिथे गीतकार एका रांगेत बसून आळीपाळीने गातात. मध्ये बोललात तर शेजारचे वळून बघतात. त्या दिवसांत अंधार लवकर पडतो आणि वारा बोचरा, तेव्हा पायी फिरणं दुपारीच उरकावं.

पूर्व बेलफास्टमध्ये इथलाच प्रसिद्ध गायक व्हॅन मॉरिसनच्या नावाची वाट आखलेली आहे, साधारण साडेतीन किलोमीटर. हाइंडफर्ड स्ट्रीटवरच्या त्याच्या जन्मघराला पाटी आहे, पण आत लोक राहतात. दार वाजवू नये. बॅपने त्याच्यासोबत लिहिलेलं 'मिल्की वे' २००५च्या 'द बिग पिक्चर'मध्ये आहे. सायप्रस अव्हेन्यूच्या झाडांखाली ते ऐकावं.

'द सेलर्स रिव्हेंज' (२०१२) हा माझ्या मते बॅपचा सर्वांत नेटका अल्बम. निर्माता 'डायर स्ट्रेट्स' बँडचा गिटारवादक मार्क नॉप्फलर, त्यामुळे गिटार कमी बोलते आणि नेमकं बोलते. हा अल्बम किनाऱ्यावरच्या बँगोरला जाणाऱ्या लोकलसाठी राखून ठेवावा. जाताना डावीकडची खिडकी धरा, खाडी त्याच बाजूला. रविवारी गाड्या कमी असतात.

आता गडबड होते ती व्हिसाची. बेलफास्ट युनायटेड किंग्डममध्ये, डब्लिन आयर्लंडमध्ये. डब्लिनहून रेल्वेने दोनेक तासांत पोचता येतं आणि वाटेत सीमेची चौकीच नाही. म्हणून एकाच व्हिसावर भागेल असं वाटतं. तसं नाही. व्हिसावर बी.आय.व्ही.एस. (ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना) असा शेरा असेल तरच तो दोन्हीकडे चालतो, आणि ज्याने व्हिसा दिला त्या देशात आधी उतरावं लागतं. दुसरी गोष्ट नोटांची. इथल्या बँकांनी छापलेले पौंड निघण्यापूर्वी खर्चून टाका, बाहेर बदलून मिळताना कटकट होते.

बॅप २०१६च्या नोव्हेंबरमध्ये वारला. 'रेकलेस हार्ट' हा अल्बम त्यानंतर बाहेर आला. परतीच्या लोकलमध्ये तो लावला, तर वाटेतलं हॉलीवूड स्टेशन (अमेरिकेतलं नव्हे) मागे पडेपर्यंत चार गाणी होतात.