डोंगरातल्या गावातली संध्याकाळ: काय खावं, कुठे उभं राहून ऐकावं

उंचावरच्या गावात पोचल्यावर पहिल्या संध्याकाळी बहुतेक प्रवासी वासाच्या मागे जाऊन पोटभर खातात आणि गाणं ऐकू आलं की गर्दीत अगदी पुढे घुसतात. दोन्ही बेत फसतात. तिथे ताटात काय चांगलं लागेल आणि वाद्य कसं वाजेल, हे बरंचसं उंची, थंडी आणि वारा मिळून ठरवतात.

आधी खाण्याचं बघू. साधारण दर 300 मीटरला पाण्याचा उकळबिंदू एका अंशाने खाली येतो. दार्जिलिंगला, म्हणजे दोन हजार मीटरच्या आसपास, पाणी 93 अंशांवर उकळतं. लेह साडेतीन हजार मीटरवर आणि बोलिव्हियातलं ला पाझ 3,600 च्या पुढे, तिथे 88 च्या जवळपास. उकळी खळखळून फुटलेली दिसते, पण तिच्यात तेवढा दम नसतो. त्यामुळे उघड्या पातेल्यातला राजमा टणक राहतो, भाताला कणी राहते आणि चहा पुळकट उतरतो. अशा गावात डाळ किंवा कडधान्य मागवायचं तर आधी कुकरची शिट्टी ऐकू येते का ते बघावं. चहा तयार पाण्यात पुडी बुडवून घेण्यापेक्षा पातेल्यात बराच वेळ उकळलेला घ्यावा.

म्हणूनच डोंगरातलं जुनं खाणं हुशारीने निवडलेलं असतं. तिबेट-लडाखकडचं सत्तू म्हणजे आधी भाजून मग दळलेलं जव. गरम चहात मळलं की झालं, शिजवायचा प्रश्नच नाही. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात बटाटे रात्रीच्या हिमात गोठवतात, पायांनी तुडवून त्यातलं पाणी काढतात आणि उन्हात वाळवतात. हा चुन्यो वर्षानुवर्षं टिकतो. पातळ पारीचे लहान मोमो, बारीक नूडल्सचा रस्सा, निखाऱ्यावरचं कणीस, हे सगळं कमी आचेच्या वाफेत किंवा थेट विस्तवावर जमणारं खाणं. नव्या गावात काय मागवावं असा प्रश्न पडला तर या जातीचं काहीतरी मागवावं. मैदानातल्या मेनूची नक्कल करणाऱ्या गाड्या सरळ ओलांडाव्यात.

मोमो शिजलेत का, हे बोटाने कळतं. पारी किंचित पारदर्शक दिसली पाहिजे आणि हात लावल्यावर बोटाला चिकटता कामा नये. माथ्यावर चुण्या एकत्र येतात तिथला कणकेचा गोळा सगळ्यात शेवटी शिजतो, म्हणून पहिला घास तिथूनच घ्यावा. मांसाचा असेल तर एक फोडून बघावा. आतला रस लालसर असेल तर ताटली परत द्यावी, भिडस्तपणा करू नये. तळणीचं गणित वेगळं आहे. तेल उंचावरही हवं तेवढं तापतं, पण पिठातलं पाणी कमी तापमानालाच वाफ होऊन जातं. परिणामी बाहेरून लाल आणि आत कच्चं. जाणता माणूस दर 300 मीटरला तेल दीडेक अंश कमी तापवतो आणि घाणा जास्त वेळ ठेवतो. झटपट लाल होऊन बाहेर येणारी भजी घेऊ नयेत.

पोट बिघडलं की बोल मोमोला लागतो, पण बऱ्याचदा खरा दोष चटणीचा असतो. मोमो वाफेतून थेट ताटलीत आलेला असतो. चटणी मात्र कच्च्या पाण्यात वाटून सकाळपासून उघडी पडलेली असते. पाणी तिथे 88 अंशांवर उकळलं तरी जंतू मरतात. दोन हजार मीटरच्या वर उकळी तीन मिनिटं चालू ठेवावी, एवढंच.

आणखी एक गल्लत होते. अडीच हजार मीटरच्या वर पहिल्या दिवशी डोकं दुखणं, मळमळणं, भूक मरणं ही विरळ हवेची लक्षणं असू शकतात. लोक मात्र खाण्याला दोष देऊन गोळ्या घेतात आणि वर चढत राहतात. जुलाब आणि ताप असेल तर खाण्यावर संशय घ्या. डोकेदुखीसोबत मळमळ असेल तर वर जाणं थांबवा, आणि त्रास वाढला तर खाली उतरा. पहिल्या रात्री दारू नको, तुपकट जेवण नको. अर्धी ताटली दोनदा मागवलेली बरी, कारण थंड वाऱ्यात भरलेला वाडगा बघता बघता गार होतो.

आता उभं कुठे राहायचं. दिवसा ऊन लागून तापलेली हवा उतारावरून वर सरकते. सूर्य गेला की गार, जड हवा माथ्यावरून खाली वाहू लागते. आवाज वाऱ्याबरोबर चांगला येतो आणि धूरही वाऱ्याबरोबरच येतो. तेव्हा निरभ्र, शांत संध्याकाळी वादक चढाच्या बाजूला, मध्ये तुम्ही आणि शेगडी तुमच्या खाली, अशी जागा शोधावी: सूर तुमच्याकडे येतात, धूर तुमच्यापासून दूर जातो. दुपारी हेच उलटं. गल्लीबोळात वारा वाकडातिकडा वळतो, म्हणून शेवटचा निकाल शेगडीच्या धुराकडे बघूनच घ्यावा. अंधार पडल्यावर दरीत खाली गार आणि वर उबदार हवेचा थर बसतो. त्यामुळे वर निघालेला आवाज पुन्हा खाली वळतो आणि लांबवर पोचतो. दुपारी पन्नास पावलांवर विरणारी बासरी तेव्हा पार पलीकडच्या वळणावर ऐकू येते.

थंडी वाढली की वादक मध्येच थांबून खुंट्या पिळायला लागतात. कार्यक्रम संपला समजून लोक तेव्हाच पांगतात, तेवढं करू नका. गार झालेली पोलादी तार आखडते आणि सूर चढतो. बासरीतली हवा गार झाली की तिचा सूर मात्र दर अंशाला अर्ध्या स्वराच्या सुमारे तीन टक्के उतरतो. वादकाचा श्वास नळी गरम ठेवतो म्हणून प्रत्यक्षात फरक कमी पडतो, तरी तार आणि बासरी एकत्र असतील तर ती उलट दिशांना पळतात. धुकं उतरलं की कातडं सैल पडून ढोलक ठस्स बोलतो, मग तो विस्तवाशी नेऊन शेकतात. नुसत्या उंचीने बासरीचा सूर बदलत नाही. वाजवणाऱ्याचा दम मात्र लवकर संपतो.

वाद्य ओळखीचं असेल तर जागाही नेमकी निवडता येते. अँडीजमधली सिकू ही नळ्यांची बासरी दोन भागांत विभागलेली असते. सप्तकातले स्वर एकाआड एक दोघांकडे वाटलेले, आणि एकच चाल दोघं मिळून पुरी करतात. तिथे बरोबर मधोमध उभं राहावं, एका बाजूला गेलात तर अर्धीच धून ऐकू येईल. नेपाळच्या गंधर्व या गायक समाजाची चार तारांची सारंगी याच्या उलट, दोन-तीन मीटरवरूनच ऐकावी, कारण गजाची घासही त्या गाण्याचाच भाग आहे. स्वित्झर्लंडचा अल्पहॉर्न, म्हणजे साडेतीनेक मीटर लांब लाकडी कर्णा, मात्र लांबूनच गोड लागतो. त्याला बोटांसाठी एकही भोक नसतं, सगळे स्वर ओठांच्या दाबावर. त्यातून निघणाऱ्या नैसर्गिक स्वरांच्या माळेतला अकरावा स्वर शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या मधोमध पडतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो बेसूर वाटतो, पण तो तसाच असायला हवा.

ध्वनिमुद्रण करायचं तर आधी नजरेने किंवा खुणेने परवानगी घ्यावी. पाठ वाऱ्याकडे करून फोन अंगाच्या आडोशाला धरावा आणि तळणीपासून दूर जावं; चर्रर्र आवाज पुढे काही केल्या निघत नाही. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते, फोन आतल्या खिशात ठेवावा. पैसे गाणं चालू असताना नव्हे, दोन गाण्यांच्या मधे ठेवावेत. नोट असेल तर नाण्याखाली दाबून ठेवा, नाहीतर उताराचा वारा ती उडवेल आणि वादकाला वाद्य टाकून तिच्यामागे धावावं लागेल.