तुम्ही विचारलंत म्हणून: बाळ हातात आल्या आल्या माया वाटली होती का?

हा प्रश्न मला खूप जणी विचारतात, आणि बहुतेक वेळा मेसेज येतो रात्री दोन-तीनला, दूध पाजून बाळ झोपलेलं असतं आणि आईला झोप येत नसते तेव्हा. शब्द वेगळे असतात पण विचारायचं एकच असतं, "ताई, बाळ हातात दिलं आणि मला काहीच वाटलं नाही गं, तुला वाटलं होतं का?"

नाही. मलाही नव्हतं वाटलं. मी २२ वर्षांची होते, रात्रभर कळा देऊन झालेल्या, सिस्टरने लेकाला छातीवर ठेवलं आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले, आणि माझ्या मनात एवढंच होतं की कुणीतरी ह्याला घ्या आणि मला झोपू द्या. शेजारच्या कॉटवरची एक बाई म्हणाली, बघ, आता पान्हा फुटेल, माया आपोआप येते. मग मी दिवसच्या दिवस ती यायची वाट बघत बसले. त्याचं सगळं करत होते, दूध, लंगोट, अंघोळ, पण दुसऱ्याचं मूल सांभाळायला घेतल्यासारखं. आणि हे बरेच दिवस कुणाला बोलले नाही, ते सगळ्यात वाईट झालं.

खूप नंतर मला कळलं की ह्यावर अभ्यास झालाय. रॉबसन आणि कुमार ह्या संशोधकांनी १९८० मध्ये लंडनमधल्या आयांबद्दल लिहिलंय, बाळ पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा काय वाटलं असं विचारल्यावर पहिलटकरणींपैकी सुमारे ४० टक्के जणींनी सांगितलं की विशेष काहीच वाटलं नव्हतं, आणि आधी मूल झालेल्यांतही २५ टक्के होत्या. बहुतेकींना आठवड्याभरात माया वाटायला लागली, काहींना जास्त दिवस लागले. दहातल्या चार! आणि प्रत्येकीला वाटत असतं की आपण एकटीच अशी.

"पहिला तास गेला तर नातं कच्चं राहतं" ही भीतीसुद्धा खूप जणींना असते, सिझर झालेल्यांना आणि बाळ काचेच्या पेटीत ठेवलेल्यांना तर फारच. ह्याचं मूळ १९७० च्या दशकातलं आहे, क्लाउस आणि केनेल ह्या डॉक्टरांनी जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांना फार महत्त्व दिलं होतं. त्यामुळे हॉस्पिटलं बाळाला आईजवळ ठेवायला लागली हे चांगलंच झालं, उघड्या छातीवर बाळ ठेवलं की त्याला ऊब मिळते, दूध ओढायला लवकर लागतं. पण तो तास हुकला की सगळं संपलं हे पुढच्या अभ्यासांत टिकलं नाही. दत्तक घेतलेल्या आईला तर तो तास कधीच मिळत नाही, आणि तिचं मूल तिला बिलगतंच की.

आता ते पान्हा फुटणं. आपण म्हणतो की बाळ दिसलं की पान्हा फुटतो, पण सुरुवातीला तसं होत नाही. बाळ ओढायला लागतं, मग आईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचं हार्मोन सुटतं आणि मग दूध उतरतं, दुखत असेल किंवा मनावर ताण असेल तर ते अडतंसुद्धा. काही दिवस, काही आठवडे असं चालतं आणि मग एके दिवशी बाळ पलीकडच्या खोलीत नुसतं रडलं तरी ब्लाउज भिजतो. म्हणजे शरीर ते बाळाकडून शिकतं, दर पाजण्यात थोडं थोडं. माझ्या मते मायेचंही असंच असतं.

बाळ मात्र आपल्या आधीच कामाला लागलेलं असतं. जन्मल्यावर त्याला जेमतेम २० ते ३० सेंटीमीटरवरचं नीट दिसतं, म्हणजे छातीपासून आपल्या चेहऱ्यापर्यंतचंच अंतर. आपला आवाज तर ते पोटात असल्यापासून ओळखत असतं. हसायला मात्र सहा ते आठ आठवडे लागतात, आणि तोवर आपण देतच असतो, समोरून काही येत नाही, म्हणून तो काळ इतका जड जातो.

माझं पाचव्या आठवड्यात झालं. पाजत होते, खोलीत बारीक दिवा होता, लेकाची टाळू लुपलुप हलत होती. रोज ती बघून मला भीती वाटायची. त्या रात्री त्याने मध्येच ओढायचं थांबवलं, दूध तोंडात तसंच, आणि वर बघत राहिला, मी "काय रे" म्हटलं तर परत ओढायला लागला. एवढंच. पण मी त्याच्या टाळूवर हलकेच तळहात ठेवला आणि पहिल्यांदा वाटलं की हा माझा आहे, ह्याला काही होता कामा नये.

एक गोष्ट मात्र वेगळी ओळखा. पहिल्या दोन आठवड्यांत उगाच रडू येणं खूप जणींना होतं आणि जातं. पण दोन आठवडे उलटून गेल्यावरही मन उदासच असेल, बाळ झोपलं तरी झोप येत नसेल, तर डॉक्टरांना सांगा, हे बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं, हा आजार आहे आणि तो बरा होतो. ते तपासायला १० प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली आहे, एडिनबरा स्केल म्हणतात, १९८७ पासून वापरतात, ती मागून घ्या. आणि स्वतःला किंवा बाळाला काही करावंसं वाटत असेल तर एकटं राहू नका, दोन आठवडे थांबू नका, त्याच क्षणी कुणाला तरी उठवून दवाखान्यात जा.

घरच्यांना माझी विनंती आहे, "बाळ आम्ही बघतो, तू कामं उरक" असं करू नका. कामं तुम्ही उरका, बाळ तिच्यापाशी राहू द्या, आणि तिला झोपू द्या.

आणि तुम्ही हे रात्री तीनला वाचत असाल तर शेजारी झोपलेल्या माणसाला उठवा आणि जे मला लिहिलंत तेच त्याला सांगा. मी सोळाव्या रात्री सांगितलं. नवरा काही बोलला नाही, उठून बसला, लेकाला ढेकर काढायला खांद्यावर घेतलं आणि दार ओढून बाहेर गेला, आणि मी सलग चार तास झोपले.