समोरच्याचे ऐकणारी अभिनेत्री : जेराल्डिन जेम्स

ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील थोर अभिनेत्रींची चर्चा निघते तेव्हा आपल्याकडे जेराल्डिन जेम्स यांचे नाव सहसा कोणी घेत नाही, आणि याची मला मनापासून खंत वाटते. समोरचे पात्र बोलत असताना आपण कसे असावे, ही अभिनयातली सर्वांत अवघड गोष्ट त्यांच्याइतकी कोणाला साधलेली मी पाहिलेली नाही. हुतात्मा स्मृती मंदिरात राज्य नाट्य स्पर्धेचे प्रयोग पाहणाऱ्या सोलापूरकराला या गुणाचे मोल सांगावे लागत नाही. आपल्या हौशी नटांचे पाठांतर चोख असते, आवाजही शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो. पण स्वतःचे वाक्य संपले की बरेच जण पुढच्या वाक्याची वाट पाहत नुसते उभे राहतात, आणि प्रवेश तिथेच पडतो.

६ जुलै १९५० रोजी मेडनहेड येथे जन्मलेल्या जेम्स यांनी लंडनच्या ड्रामा सेंटरमध्ये शिक्षण घेतले आणि मग गावोगावच्या नाट्यसंस्थांत उमेदवारी केली. त्यांच्याकडे सर्वांचे लक्ष गेले ते १९७७ च्या ‘डमी’ या दूरचित्रवाणीपटामुळे. त्यात ब्रॅडफर्ड शहरातल्या, परिस्थितीच्या रेट्याने वेश्याव्यवसायात ओढल्या गेलेल्या एका कर्णबधिर मुलीची भूमिका त्यांनी केली. जिला ऐकूच येत नाही, तिला समोरच्या माणसाचा चेहरा, ओठ आणि हात यांवरूनच जग ओळखावे लागते. त्यांच्या पुढच्या साऱ्या कामात दिसणारी ती एकाग्र नजर या भूमिकेत घडली, असे मला वाटते.

भारतीय प्रेक्षकांना त्या १९८२ च्या ‘गांधी’ चित्रपटात मीराबेनच्या भूमिकेत भेटल्या. ब्रिटिश नौदलातील बड्या अधिकाऱ्याची ही मुलगी, मूळची मॅडेलिन स्लेड, १९२५ मध्ये साबरमती आश्रमात आली आणि गांधीजींची होऊन राहिली. (चित्रपट प्रदर्शित होण्याच्या काही महिने आधी, जुलै १९८२ मध्ये, खऱ्या मीराबेन ऑस्ट्रियात निवर्तल्या.) भूमिका लहान आहे. तरीही अखेरीस, बापूंना आपण हरलो असे वाटते आहे, हे मीराबेन छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइटला सांगते, तेव्हा जेम्स यांच्या आवाजात रडण्याचा लवलेश नाही, आणि त्यामुळेच ते वाक्य मनाला लागते.

त्यांची सर्वांत मोठी भूमिका मात्र ‘द ज्वेल इन द क्राउन’ या ग्रॅनाडा टेलिव्हिजनच्या चौदा भागांच्या मालिकेतली. पॉल स्कॉट यांच्या चार कादंबऱ्यांवर बेतलेली ही मालिका १९८४ मध्ये ब्रिटनमध्ये प्रसारित झाली. जेम्स यांची सारा लेटन ही पानकोट या काल्पनिक थंड हवेच्या ठिकाणच्या कर्नलची थोरली मुलगी. आई कठोर, धाकटी बहीण मनाने खचलेली, आणि सभोवती साहेबी थाटाचा वर्ग. त्या सर्वांचे ऐकून घेण्याचे काम साराकडे येते. काश्मीरमध्ये ती शेजारच्या हाउसबोटीवर लेडी मॅनर्स या वृद्ध इंग्रज बाईंना भेटायला जाते. लेडी मॅनर्स यांच्या बलात्कार झालेल्या भाचीच्या ज्या बाळाचे नावही साराच्या समाजात कोणी काढत नाही, ते बाळ तिथे असते. जेम्स त्या प्रसंगी फार थोडे बोलतात. पण आपल्या माणसांचे वागणे चूक आहे, हे साराला तिथे उमगत जाताना आपल्याला स्पष्ट दिसते.

सोलापूरच्या माणसाने इंग्रज कर्नलच्या मुलीचे दुःख का पाहावे, असा प्रश्न कोणी विचारला तर तो मला रास्त वाटेल. याच शहरावर १९३० च्या मे महिन्यात लष्करी कायदा लादला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना फाशी दिली गेली. त्या सत्तेच्या घरात वाढलेल्या, ती सत्ता अन्यायी आहे हे ओळखणाऱ्या आणि तरीही ती बदलू न शकणाऱ्या बाईची लाज जेम्स यांनी कुठेही सहानुभूतीची याचना न करता दाखवली आहे. मालिकेत फाळणीच्या वेळी आगगाडीवर हल्ला होतो, साराच्या डब्यातला तरुण मुस्लिम सहप्रवासी अहमद कासिम बाहेर पडतो आणि मारला जातो. त्यानंतर सारा जखमींना पाणी देत धावते. एवढेच आपल्या हातून झाले, ही तिची बोच जेम्स यांनी अजिबात सौम्य केलेली नाही.

त्या वर्षीच्या बाफ्टा या ब्रिटनमधल्या चित्रपट-दूरचित्रवाणी पुरस्कारासाठी अभिनेत्रींची चारही नामांकने याच मालिकेला होती. पुरस्कार मालिकेतल्याच पेगी ॲशक्रॉफ्ट यांना मिळाला. पुढे १९८९ मध्ये ‘शीज बीन अवे’ या चित्रपटासाठी व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान ॲशक्रॉफ्ट आणि जेम्स यांना विभागून मिळाला. त्याच सुमारास शेक्सपिअरच्या ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’ नाटकात डस्टिन हॉफमन यांच्या शायलॉकसमोर त्या पोर्शिया झाल्या, लंडनमध्ये आणि नंतर ब्रॉडवेवर. ‘बँड ऑफ गोल्ड’ या मालिकेने १९९५ मध्ये त्यांना पुन्हा ब्रॅडफर्डच्या रस्त्यांवर नेले.

नव्या पिढीला त्या ‘ॲन विथ ॲन ई’ (२०१७ ते २०१९) या मालिकेतील, अनाथ ॲनला घरी ठेवून घेणारी मरिला म्हणून ठाऊक आहेत. ॲनवर ब्रोच (कपड्यावर लावायचा दागिना) चोरल्याचा आळ घेऊन तिला अनाथालयात परत पाठवल्यानंतर तो घरातच सापडतो, तो प्रसंग जरूर पाहावा. ‘ज्वेल’ पाहायची असेल, तर सारा सुरुवातीच्या भागांत नाही, हे ध्यानात ठेवून धीर धरावा. आमच्या तालमींना येणाऱ्या मुलामुलींना संहिता हाती देण्याआधी मी हाउसबोटीचा प्रवेश दाखवणार आहे, तोही आधी आवाज बंद करून आणि मग आवाजासह.