पाच किलोंचे वाटे

१ जूनला मासेमारीबंदी लागते ती थेट ३१ जुलैपर्यंत. या दोन महिन्यांत फोंड्याच्या बाजारात मासळीचा भाव विचारायचा तोही जरा लांबूनच. मग आमच्यासारखे मासेखाऊ नाइलाजाने कोंबडीकडे वळतात. पूर्वी गोव्यात मे महिन्यातच पुरुमेंत भरून ठेवायचे: सुकी मासळी, सोलं, मिरच्या, कडधान्य. आमच्याकडे त्यात आता फ्रीजर आला. कोल्ड स्टोरेजमधून पाच किलो गोठवलेली कोंबडी आणायची, करी कट. किलोमागे थोडे पैसे वाचतात आणि भर पावसात रेनकोट चढवून बाहेर पडणं वाचतं. खरा फायदा मात्र तिचे वाटे घालून ठेवण्यात, ते मला उशिरा कळलं.

पहिल्या वर्षी ती पिशवी मी होती तशी फ्रीजरमध्ये कोंबली. रविवारी अर्धा किलो हवी होती, तर आत नुसता दगड. नारळ फोडायच्या कोयत्याची पाठ दोनदा हाणली. ओट्याच्या कडप्प्याची कपची उडाली, कोंबडीला ओरखडासुद्धा नाही. शेवटी सगळी वितळवली. पूर्ण वितळून बाहेर राहिलेलं मांस परत गोठवायचं नसतं, म्हणून पाचही किलोंची शागोती झाली. दोन शेजाऱ्यांकडे डबे गेले, तरी टोप अर्धा भरलेला. सोमवारी आईचा सोमवार. मंगळवारी शागोती, बुधवारी शागोती. गुरुवारी कुणी ‘आज काय?’ असं विचारलं नाही.

तेव्हापासून वाटे घालतो. पिशवी आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उतरवून ठेवायची. सकाळी तुकडे एकमेकांपासून सुटतात, पण आत बर्फाची कचकच असते. हीच वेळ, तोवर परत फ्रीजरमध्ये गेलं तरी चालतं. चाळणीखाली पाणी निथळतं ते बघून दर वेळी जीव हळहळतो, कारण तेही कोंबडीच्याच भावाने विकत घेतलेलं असतं.

टेबलावर दहा ताटल्या मांडल्या की आई खुर्ची ओढून बसते. तिच्या लहानपणी गावात बकरा कापला की केळीच्या पानांवर वाटे पडायचे. प्रत्येक वाट्यात थोडी कलेजी, थोडं हाड, थोडी चरबी. कुणी कुठलाही उचलला तरी तक्रारीला जागा नको. त्या डोळ्यांनी ती माझ्या ताटल्या तपासते.

“ह्याच्यात दोन तंगड्या गेल्या. त्याच्यात नुसत्या माना.”

“आई, सगळे वाटे आपल्याच पोटात जाणार आहेत ना?”

“म्हणून काय झालं?”

मी मुकाट्याने एक तंगडी हलवतो.

मग अर्ध्या अर्ध्या किलोच्या पिशव्या. गोळा करून नाही, तळहाताने दाबून घावनासारख्या चपट्या, हवा पार काढून. हवा राहिली की मांस वाळून त्यावर पांढरट डाग पडतात आणि शिजल्यावर ते तुकडे चोथट लागतात. चपटी पिशवी लवकर गोठते, नीट बांधून गार पाण्यात टाकली की लवकर सुटतेही, आणि ओल्या नारळाच्या डब्याशेजारी वहीसारखी उभी राहते. त्या डब्याला कोंबडीचा स्पर्श नको, असा वरून हुकूम आहे, म्हणून मधे मटारांची पिशवी सीमेवर उभी केलेली.

अवचित पाहुणे आले तर दुसरा वाटा सुटेपर्यंत थांबायला वेळ नसतो. आई दोन बटाटे आणि अर्धा नारळ जास्त घालते. फ्रीजर येण्याआधीही ती हेच करायची.

परवा एक पिशवी काढली तर वरची तारीख दवाने पुसून गेलेली. मी उजेडात धरून बघत होतो. आईने ती हातातून घेतली, अंगठ्याने दोन ठिकाणी चाचपली आणि म्हणाली, “ही ठेव परत. ही तंगड्यांची. रविवारी पोरं येतील तेव्हा काढू.”

म्हणजे मी वळल्यावर कुणीतरी ताटल्यांत हात घातला होता.